कोकणात नदीकाठी तंबू टाकायचाय? जागा अशी निवडा

भातं कापून झाली की मला फोन येऊ लागतात. ‘तुमच्या चिपळूणकडे नदीकाठी एखादी चांगली जागा सांग ना, दोन दिवस तंबूत राहायला.’ मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारते, कोणत्या महिन्यात येताय? बरोबर लहान मुलं आहेत का? पोहायचंय का? जुलैत जिथं उभं राहायची हिंमत होत नाही तिथंच डिसेंबरात पोरं गुडघाभर पाण्यात खडपी मासे शोधत असतात, आणि एप्रिलात त्याच जागी नुसते गोटे आणि एखाददुसरा हिरवट डोह उरतो. त्यामुळे ‘चांगली जागा’ असं सरसकट काही नसतं.

बहुतेक जण जागा फोटो पाहून ठरवतात. माझं म्हणणं, आधी पाण्याची चौकशी करा. ते कुठून येतं, कुठवर चढतं, कोणाच्या हुकमाने सुटतं, खारं आहे की गोडं, एवढं कळलं की निम्मी निवड झाली. सावली, संडास, जेवण, रस्ता हे सगळं त्यानंतर.

पहिलं काम: महिना

जून ते सप्टेंबर कोकणात नदीकाठी तंबू टाकू नये. यात मी सूट देत नाही. इथल्या नद्या लांबीला तोकड्या आणि उताराला तीव्र. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेलं पाणी काही तासांत खाली गावात येतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं, त्याच दिवशी महाडही बुडालं आणि तळिये गावावर दरड आली. पावसाळ्यात कोकण पाहायचंच असेल तर पक्क्या घरात राहा आणि पडवीतून पाहा.

ऑक्टोबर फसवा असतो. सकाळी कडकडीत ऊन, दुपारी तीन-चारनंतर घाटाकडून काळे ढग आणि विजा. मे महिन्याच्या उत्तरार्धातही तेच. या दोन्ही वेळी आपल्या डोक्यावर पाऊस नसताना नदीला पाणी येऊ शकतं, कारण पाऊस वर पडलेला असतो. म्हणून हवामान पाहताना ज्या गावात उतरणार आहात तेवढंच पाहू नका. काजळी नदीच्या काठी राहणार असाल तर साखरपा आणि आंबा घाटाकडचा अंदाज बघा, चिपळूणच्या वाशिष्ठीसाठी पोफळी-अलोरेकडचा. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर तारीख पुढे ढकला. विजांसाठी ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये असू द्या.

माझ्या मते उत्तम काळ नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. पऱ्यांना, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांना, अजून पाणी असतं, रान हिरवं असतं, रात्री गारवा असतो. मार्चपासून डोंगरातले बरेच पऱ्ये आटतात आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात.

दुसरं काम: नकाशावर नदी उलटी चालत जा

घरी बसूनच हे करता येतं. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा, पाहिलेल्या जागेवर बोट ठेवा आणि तिथून नदीच्या उगमाकडे सरकत जा. वाटेत धरण, वीजघर, बंधारा काय काय लागतं ते पाहा.

कोलाडची कुंडलिका भर उन्हाळ्यातही खळाळते, ती पावसाच्या पाण्याने नाही. मुळशी धरणाचं पाणी भिरा वीजघरात वीज करून खाली सोडलं जातं, त्यावर तिथलं राफ्टिंग चालतं. आमच्या वाशिष्ठीचंही तसंच. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, पुढे कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीला मिळतं. अशा नद्यांची पातळी ऋतूवर नाही, तर वीज केव्हा करायची त्यावर चढते-उतरते. काल रात्री कोरडा दिसलेला गोट्यांचा पट्टा सकाळी पाण्याखाली असू शकतो. तेव्हा अशा काठावर पहिला प्रश्न एकच: पाणी कधी सुटतं आणि सुटलं की कोणत्या दगडापर्यंत येतं? तिथल्या माणसाला हे तोंडपाठ असतं. ज्या कॅम्पवाल्याला ते सांगता येत नाही तिथं राहू नका.

वरच्या अंगाला लहान धरण असेल तरी ते नोंदवून ठेवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या वाडीतली माणसं गेली. ती रात्र आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. धरणाच्या लगेच खालचा सपाट काठ कितीही देखणा असो, माझ्या यादीत तो बसत नाही.

तिसरं काम: पाणी गोडं की खारं ते ओळखा

घाटमाथ्यावरून येणाऱ्यांची इथं फार चूक होते. नदी म्हणून ते जिथं उतरतात ती खरं तर खाडी असते. समुद्र नजरेत नसतो, दोन्ही तीरांना झाडी असते, पाणी संथ असतं. पण दाभोळच्या समुद्राची भरती वाशिष्ठीतून पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येते. ओळखायची खूण सोपी आहे. काठावर तिवरं-चिपी, म्हणजे कांदळवन, दिसलं की समजा भरतीचं पाणी इथवर येतं. दुसरी खूण, काठच्या दगडांवर चिकटलेली कालवं (शिंपली).

एकदा आम्ही खाडीकाठी अष्टमीच्या सुमारास एक जागा पाहून आलो. गवताचा छान पट्टा, भरतीची ओली रेघ त्याच्या चांगली पाच-सहा हात खाली. आठवड्याने, पौर्णिमेच्या चांदण्यात राहू म्हणून, मुलांना घेऊन गेलो. रात्री साडेअकराच्या पुढे माझ्या पाठीखाली गार लागायला लागलं. चटई भिजली होती. टॉर्च लावला तर तंबूच्या पुढच्या खुंट्या पाण्यात. दोन्ही मुलांना उचलून आम्ही बांधावर नेलं, आणि उरलेली रात्र गाडीत काढली. कोणाला इजा झाली नाही, पण धाकटी पुढचं वर्षभर नदीकाठी झोपायला तयार नव्हती. चूक माझी होती. अष्टमीला भांगाची भरती असते, ती थोडी चढते. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. भांगात पाहिलेली रेघ उधाणाला उपयोगाची नाही.

भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशोब तुम्हीही पाठ करा. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. दोन भरत्यांत साडेबारा तासांना थोडं कमी अंतर असतं आणि रोज वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. हा हिशोब समुद्राच्या तोंडाचा. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते. म्हणून नेमकी वेळ तिथल्या होडीवाल्याला विचारा.

खाडीकाठचा आणखी एक धोका तळाचा आहे. वाळू उपसलेल्या ठिकाणी कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की खड्डा लागतो. आणि ओहोटीच्या वेळी दिसणारा गुळगुळीत चिखल मांडीपर्यंत रुततो. मुलं बरोबर असतील तर मी खाडी सोडून वरच्या अंगाचा गोड्या पाण्याचा, खडकाळ, उथळ काठ निवडते.

चौथं काम: दिवसा जा, आणि वाडीत थांबा

जागा पक्की करण्याआधी एक फेरी मारता आली तर फार बरं. ते जमत नसेल तर निदान दुपारी दोनच्या आत पोचा, म्हणजे जागा नापसंत पडली तर दुसरी शोधायला उजेड राहील.

थेट नदीवर उतरू नका. आधी वाडीत, एखाद्या खळ्यात, दुकानात थांबा. ‘काका, पाण्याला मगर आहे का?’ हे विचारायला संकोचू नका. महाडच्या सावित्रीत, खेडच्या जगबुडीत आणि आमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, नदीच्या मधल्या बेटांवर उन्हात पडलेल्या दिसतात. वाडीतल्या माणसांना कोणत्या डोहात त्या असतात हे ठाऊक असतं. अशा काठावर पोहणं नाही, भांडी घासणं नाही, माशांची घाण पाण्यात टाकणं नाही, आणि तंबू काठापासून लांब, चढाच्या वर.

दुसरा प्रश्न: ‘गेल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?’ कोणी तुम्हाला झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून दाखवील, कोणी देवळाची पायरी दाखवील. तुम्हालाही खुणा वाचता येतात. करंजाच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, वाळलेल्या गवताचे झुपके कोणत्या उंचीवर आहेत ते पाहा. ऑक्टोबर आणि मे महिन्यांत तंबू त्या रेघेच्या वरच हवा. थंडीत मी पाण्यापासून निदान दोन पुरुष उंचीवर जागा धरते. हा माझा स्वतःचा नियम आहे आणि मी तो मोडत नाही.

तिसरा प्रश्न जमिनीचा. कोकणात ‘मोकळी’ दिसणारी जागा सहसा कोणाची तरी असते, बहुतेकदा पाच-दहा जणांची सामाईक. सातबारावरची निम्मी नावं मुंबईला असतात. तेव्हा जो कसतो, राखतो त्याची परवानगी घ्या आणि पोलीस पाटलांच्या किंवा सरपंचांच्या कानावर घाला. रात्री अनोळखी उजेड दिसल्यावर वाडी धावून येण्यापेक्षा हे बरं. वन विभागाच्या जमिनीत किंवा फणसाडसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. देवराईत तर तंबू नकोच. तिथली काटकीसुद्धा लोक उचलत नाहीत. तोच मान आपणही ठेवावा.

गावच्या बायका धुणं धुतात तो पाणवठा आणि गणपती विसर्जनाची जागाही सोडा. नदीला वाट, पायऱ्या आणि सावली तिथंच असते, म्हणून मोह होतो. पण त्यांचा दिवस तिथं सुरू होतो.

पाचवं काम: नेमका तुकडा

कोकणातला डोंगरउतार वरून खाली असा असतो: माथ्यावर कातळाचा सडा, मग वरकस जमीन, बागा, त्याखाली भाताची खाचरं, मग नदी. यातलं तंबूला काय चांगलं?

सड्यावर वारा भन्नाट आणि आकाश मोकळं, पण सावली नाही, खुंटी रुतत नाही, आणि कातळावर फुरसं (छोटा विषारी साप) हमखास. वीज चमकत असेल तर सड्यावर थांबूच नये. खाचरं सपाट दिसतात, पण ती सगळ्यात खोलगट. थंड हवा रात्री तिथं उतरते आणि सकाळी तंबू दवाने पिळून काढण्यासारखा होतो. शिवाय कापणीनंतर खाचर रिकामं आहे असं समजू नका. त्यात कुळीथ, वाल, पावटा पेरलेला असतो. दोन बोटांची रोपं शहरातल्या माणसाला गवत वाटतात.

आंब्याच्या बागेची सावली सगळ्यांना आवडते. डिसेंबर ते मार्च मोहोर आणि कैरी धरण्याच्या दिवसांत कलमांवर कीटकनाशकांच्या फवारण्या चालू असतात. बागायतदाराला विचारल्याशिवाय कलमाखाली झोपू नका, तिथं चूल मांडू नका. नारळाखाली तंबू कधीच नको. नारळ पडतो तशी झावळीही पडते, आणि झावळीचं वजन कमी नसतं. फणसाखाली मे महिन्यात तीच गोष्ट.

मला आवडतो तो बागेच्या आणि खाचराच्या मधला उंचवटा: किंचित उतार, निचरा होणारी तांबडी माती, सकाळी लवकर ऊन येईल असं पूर्वेकडचं तोंड. तिथं उभं राहून आधी वर बघा. वाळकी फांदी आहे का? मोठ्या झाडाला आग्या मोहोळ लटकलंय का? धुराने ते उठतं, आणि मग पळण्याशिवाय काही हातात राहत नाही. मग आजूबाजूला बघा. वेलींवर मखमली तपकिरी शेंगा दिसल्या तर ती खाजकुहिली. थंडीत शेंगा वाळल्या की वाऱ्यानेही तिची कुसळं अंगावर येतात. शेवटी खाली बघा. बिळं, वारूळ, दगडांचा ढीग नको. चिऱ्याच्या रचलेल्या गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून तंबू लावू नका. वारा अडतो हे खरं, पण त्या फटींत साप राहतात.

सापांबद्दल जरा थांबून लिहिते, कारण बाकी सगळ्या जनावरांपेक्षा खरी काळजी यांचीच. फुरसं हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं. अंधारात पाय पडतो तोच त्याच्यावर. म्हणून रात्री लघवीला जातानाही बूट आणि टॉर्च. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. त्यामुळे तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबूच घ्या, नुसत्या ताडपत्रीवर उघड्यावर झोपू नका. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, गावठी औषध यात वेळ घालवू नये. दंश झालेला भाग हलू न देता माणसाला रुग्णालयात न्यायचं, १०८ ला फोन करायचा. जागा निवडतानाच विचारून ठेवा: सर्पदंशाची लस असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथं पोचायला किती वेळ लागतो. माझी मर्यादा गाडीने पाऊण तासाची. त्याहून आतली जागा कितीही सुंदर असली तरी मुलांना घेऊन मी जात नाही.

दक्षिणेकडे, दोडामार्ग-बांदा भागात जाणार असाल तर आणखी दोन गोष्टी. तिळारी खोऱ्यात रानटी हत्ती फिरतात. आणि २०१६ पासून तिकडे माकडताप आढळला आहे. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा हंगाम थंडी ते उन्हाळा, म्हणजे नेमका आपल्या मुक्कामाचा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाल्यावर नुसतं बसू नका.

बिबट्या जवळपास सगळीकडेच आहे. तो तंबूकडे येत नाही. खरकटं आणि मोकळा कुत्रा असेल तर येऊ शकतो. रानडुकरांसाठी बागांच्या कडेला फासक्या लावलेल्या असतात, क्वचित तारेत वीज सोडलेली असते. रात्री बागेतून फिरू नका.

तयार कॅम्प घेत असाल तर

फोनवर हे विचारा. रात्री मालक किंवा राखणदार तिथंच झोपतो का? संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून आणि नदीपासून किती लांब आहे? पिण्याचं पाणी विहिरीचं की टाकीचं? एकूण तंबू किती, आणि स्पीकर किती वाजता बंद होतो? पाण्यात उतरायचं असेल तर प्रत्येकासाठी, मुलांच्या मापाचंसुद्धा, लाइफ जॅकेट आहे का? इशारा आला तर पैसे परत की तारीख बदलून? सहज उत्तर देणारा माणूस असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. गोलमोल बोलणाऱ्याकडे, ‘तुम्ही या तर खरं’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मी वाडीतल्या एखाद्या कुटुंबाने चालवलेला, पाच-सात तंबूंचा कॅम्प निवडते. जेवण घरातलं असतं, आणि नदीची माहिती त्यांच्या रक्तात असते.

गाडीचंही विचारा. तांबड्या मातीचा उतार उतरायला सोपा असतो, एक सर पडली की चढायला नाही. गाडी वरच्या रस्त्याला, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा.

चूल, संडास, पाणी

जानेवारीपासून गवत पेटायला ठिणगी पुरते. शेतकरी भाजावळ (पेरणीआधी शेत भाजणं) करतात तेव्हा कडेचं गवत साफ करून, वारा पडल्यावर, हाताशी पाणी ठेवून करतात. आपण त्याहून हलगर्जी असू नये. एका वणव्यात काजूची अख्खी बाग जाते. नदीच्या वाळूत किंवा गोट्यांत लहान चूल मांडा, झोपण्याआधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवा. लाकूड वाडीतून विकत घ्या.

संडास नसेल तर पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं दूर, वीतभर खोल खड्डा. साबण नदीत नको, बादली वर घेऊन या. नदीचं पाणी कितीही नितळ असो, उकळल्याशिवाय पिऊ नका. वरच्या वाडीची गुरं त्यातच डुंबतात.

दिवस मावळताना

तंबू लागला की घरच्या सगळ्यांना घेऊन पळायची वाट एकदा चालून या: तंबूपासून वरच्या रस्त्यापर्यंत, टॉर्च हातात घेऊन. बूट तंबूच्या आत, गाडीची किल्ली ठरलेल्या एकाच जागी. मग पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि पाणी तिला जिथं लागतं त्याच्या जरा वर दोरा बांधा. जेवण झाल्यावर एकदा बघा, झोपण्याआधी एकदा. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत येऊ लागला, किंवा वरून घोंघावल्यासारखा आवाज आला तर दोऱ्याकडे बघत बसू नका. आणि दोरा नुसता भिजला असेल, तरी सामान आवरायला उजाडण्याची वाट पाहू नका.